क्रीम रंगाच्या कागदावरचं पत्रक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. थांबा, नीट सांगते.

मी शारजात एका प्रिंटिंग प्रेसमध्ये डिझायनर आहे. हॉटेलांचे मेनू, कंपन्यांची ब्रोशर्स, औषधांची खोकी – जे येईल ते. मध्यंतरी जुन्या ग्रंथांच्या एका प्रदर्शनाची पुस्तिका आमच्याकडे आली. विषय होता तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपात छापखाने चालवणाऱ्या बायका. नवरा गेल्यावर यंत्रं, शाई, कामगार सगळं अंगावर घेतलेल्या. पुष्कळींचं स्वतःचं नावही पुस्तकावर नसायचं, नुसतं ‘अमक्याची विधवा’. काही जणी सत्तेला न रुचणारी पत्रकं लिहायच्या, छापायच्या. मग दारात शिपाई यायचे – कोणी लिहिलं, कोणी छापलं? आणि त्यातल्या काही तुरुंगात जायच्या, पण दुसरीचं नाव घ्यायच्या नाहीत.

ते पान मी घरी बसून लावत होते. हात थांबला. “मॉम, आर यू ओके?” मुलीनं विचारलं. मी म्हटलं, एसी फार गार झालाय.

पुस्तिका छापून झाल्यावर मी तिचा फोटो स्टेटसला टाकला. का टाकला? चिपळूणहून जयश्रीचा लगेच मेसेज – ‘आपणही अशाच होतो ना गं!’ मी हार्ट पाठवलं. 

जयश्री पूर्वी आमच्याच प्रेसमध्ये हिंदी-मराठी मजकूर लिहायची, प्रुफं तपासायची. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. सुट्टीच्या दिवशी ती अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीत मावशीकडे जायची. मावशी तिथे एका व्हिलात स्वयंपाकाला होती. आसपासच्या कामवाल्या बायकांचे पासपोर्ट मालकांच्या कपाटात बंद. असं ठेवून घेणं कायद्यात बसत नाही, हे त्यांना माहीतच नव्हतं. जयश्रीनं ते सोप्या हिंदीत लिहून काढलं – पासपोर्ट तुमचा आहे, तो मागा, नाही दिला तर तक्रार इथे करा. हातानंच चार-दोन प्रती काढून वाटायचा तिचा विचार होता.

“छापूया की!” हे मी म्हणाले. मी.

लेआउट माझं. एका कंपनीच्या ब्रोशरचा क्रीम रंगाचा कागद उरला होता, तो मीच काढून दिला. मशीनवरच्या सलीमभाईंना सांगितलं, “अर्जंट जॉब है भाई, यल्ला, जल्दी!” त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. परवानगीशिवाय असं पत्रक छापणं इथे किती महागात पडतं, हे मला ठाऊक नव्हतं? होतं. पण छाती फुगली होती ना – काहीतरी मोठं करतोय म्हणून.

जयश्रीनं पत्रकं तिथल्या बायकांत वाटली, आणि त्यातलं एक नेमकं त्या ब्रोशरवाल्या कंपनीच्या मालकाच्या हाती पडलं. त्याच्याच व्हिलातल्या बाईनं पासपोर्ट मागितला होता. कागद त्यानं लगेच ओळखला आणि आमच्या मॅनेजरला फोन लावला.

मॅनेजरनं आधी सलीमभाईंना बोलावलं. ते म्हणाले, रोज एवढे जॉब निघतात, आठवत नाही. मग मला.

त्यानं मला धमकावलं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं विचारलं, “किसने किया?” आणि मी – मी म्हणाले, “जयश्रीने. मुझे बाद में पता चला.”

झालं. एवढंच. जीभही अडखळली नाही.

तिला आत बोलावलं तेव्हा मी काचेबाहेर उभी होते. ती बाहेर आली आणि माझा हात घट्ट धरून हळूच म्हणाली, “मी एकटीनंच केलं म्हणून सांगितलं. तुझं नाव नाही घेतलं. घाबरू नकोस.”

मॅनेजरनं पोलिसांत काही दिलं नाही. व्हिसा कॅन्सल, तिकीट, खलास.

बॅग भरताना तिनं विचारलं, “पण त्यांना थेट माझंच नाव कसं कळलं गं?” तेव्हा तरी बोलता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. ती काय करणार होती मला? रडली असती, शिव्या दिल्या असत्या. मी तिच्या साड्यांच्या घड्या घालत म्हणाले, “सलीमभाईंनी सांगितलं असेल.”

‘असेल’ म्हणाले. तेवढी हुशारी सुचली मला.

जायच्या दिवशी सलीमभाई आपली गाडी घेऊन आले, एअरपोर्टला सोडायला. खास सुट्टी काढून. त्यांनी बॅग उचलली, तर जयश्रीनं ती त्यांच्या हातातून हिसकावून घेतली. म्हणाली, “आपने बहुत कर लिया.” आणि टॅक्सी थांबवून निघून गेली. ते मोकळे हात घेऊन रस्त्यात उभे. मग माझ्याकडे वळले. “बहन हमसे नाराज है क्या? कोई गलती हुई हमसे?”

पत्रक कुणी छापून घेतलं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते मॅनेजरला सांगितलं नव्हतं, नंतरही कधी कुणाला सांगितलं नाही.

“पता नहीं, भाई,” मी म्हणाले.

पुढे ते त्यांच्या गावी परत गेले. जयश्रीचा फोन अजून येतो. बोलता बोलता विषय निघाला की ती त्यांना दगाबाज म्हणते. मी ऐकून घेते. कधी कधी ‘हो ना’ असंही म्हणते.