घाटनांदूरच्या छावणीत रेणुकाची परीक्षा

या गं बायांनो, जरा जवळ सरा. वडवणीच्या पुढं कुठं निघायचं म्हटलं की तुमची सगळ्यांची कामं निघतात, आणि मी परत आले की "तिकडं काय झालं?" म्हणून मलाच घेरता. आता सांगते, पण पुढच्या खेपेला मुकाट्यानं गाडीत बसायचं.

माझी नात रेणुका पुण्याला शिकते. कान तपासायचं शिक्षण, पदवीच्या पुढचं. तिला स्वतःलाच लहानपणापासून कमी ऐकू येतं, दोन्ही कानांत मशीन आहे. मेंढरं राखणाऱ्या आमच्या घरात एवढी शिकलेली ती पहिलीच. घाटनांदूरच्या चारा छावणीत तिच्या कॉलेजचं कान तपासणीचं शिबिर होतं. तिथं तिनं माणसं नीट तपासून दाखवली, तरच तिच्या कॉलेजच्या मॅडम तिला दवाखान्यात रुग्णांपुढं बसवणार होत्या. जिला स्वतःला नीट ऐकू येत नाही तिला हे जमेल का, अशी त्यांना शंका. मी म्हटलं, चल, मी येते सोबत.

सकाळच्या एसटीनं धारूरचा घाट चढलो. डोंगर नुसते भाजून काढल्यासारखे, गवताची काडी नाही. अंबाजोगाईला गाडी बदलली आणि धपाट्यांचं (ज्वारीच्या पिठाचे, लसूण घातलेले) फडकं सोडलं. शेजारच्या बाईनं कांदा दिला, मी तिला दोन धपाटे दिले, आणि ती कुणाची कोण हे विचारून होईतो घाटनांदूर आलं.

छावणी दूध संस्थेनं चालवलेली. जनावरांच्या रांगाच रांगा, पुढ्यात वाढं (उसाचे शेंडे). एका कालवडीला कुरवाळायला गेले, तर तिनं माझा पदरच चघळायला घेतला! राखणदार हसून म्हणाला, "आज्जे, दुष्काळ हाय. तिला काय लुगडं आन् काय कडबा!"

तपासणी संस्थेच्या दूध साठवायच्या खोलीत. दूधच नाही, म्हणून खोली गपगार. मॅडमनी रेणुकाला दारापाशी नावं लिहायला बसवलं. "गर्दी आहे, तपासायच्या मशीनवर तू नको." पोरीचं तोंड एवढंसं झालं.

तपासणी अशी, की गाणी ऐकायला लावतात तसलं ते कानावर लावायचं आणि टुंग आवाज आला की हात वर करायचा. बाया कानावर लावून वरून पुन्हा पदर ओढून बसायच्या. सात जणी झाल्या, एकीचाही हात वर नाही. मॅडम हबकल्या. "सगळ्याच बहिऱ्या?"

आठवी गयाबाई, माझ्याच वयाची. तेवढ्यात रेणुका उठली. "मॅडम, यांना ऐकू येतंय. पायाचं बोट बघा."

बघतो तर काय, टुंग झालं की गयाबाईचं जोडवं हलायचं! जन्मभर ओठ अन् हातपाय बघूनच तर माझी पोर ऐकत आली.

"मग हात का वर करत नाहीत?"

"दारात यांच्या भावकीतले थोरले बसलेत, मॅडम," रेणुका म्हणाली. "त्यांच्यापुढं बाया हात वर करत न्हाईत."

थोरल्यांना उठवायचं कुणी? खोलीची किल्ली त्यांच्याच कमरेला. रेणुकानं मूठभर सरकी मागवली. "मावशे, आवाज आला की पदराखालून एक दाणा गोणपाटावर सोडायचा." टुंग, दाणा. टुंग, दाणा.

गयाबाईनं विचारलं, "तुझ्या कानात काय हाय गं?"

"मशीन. मलाबी कमी येतं."

"मंग बस माझ्यापाशी. तुलाच कळंल माझं."

मॅडम खुर्चीवरून उठल्या. "रेणुका, ये. बस इथं."

साती जणींना परत बोलावलं. खरोखर ऐकू येत नव्हतं ते एकीलाच. तिचं नाव कानातल्या मशीनसाठी लिहून घेतलं ते मॅडमनी, कारण दारापाशी आता त्या बसल्या होत्या!

निघताना म्हणाल्या, "आजी, हे आता वर्गात शिकवायला हवं."

"शिकवा की. पन आदी असल्या पोरी वर्गात घ्या."

हसल्या. रेणुकाच्या वहीवर सही केली, आणि पुढच्या सोमवारपासून रेणुका दवाखान्यात.

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली आणि मी खिडकीतून बघत राहिले. वाटलं, शिकणारे सगळे पुण्याच्या एकाच पेठेतले असते, तर आमच्या पायांकडं बघितलं कुणी असतं?

रविवारपर्यंत ती घरीच आहे. पाणी टँकरचं, पण चहापुरतं निघतं. कान दाखवायला लवकर या गं, आणि तुमच्या थोरल्यांनाही आणा. त्यांचे कान कोण तपासणार?