तिसऱ्यांची टोपली
तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, उकळायला ठेवल्या की त्यांच्या खारट वासाबरोबर कर्लीच्या खाडीतली ती सकाळ आठवते. आम्ही घरची आठ माणसे एका रात्रीसाठी होडीने सहलीला निघालो होतो. सामानाची आणि माणसांची एकच यादी मी केली होती; "माझा नाव मिठाच्या खाली आसा," म्हणत माझे यजमान सगळ्यांना हसवत होते. सकाळी ओहोटीला आम्ही रेतीच्या बेटावर तिसऱ्या वेचायला उतरलो आणि भरती लागताच परतलो. नणंदेची भरलेली टोपली होडीत दिसली, म्हणून मी तिच्या नावापुढे खूण केली. टोपली पुढे पाठवून ती आणखी वेचायला मागे वळली होती, हे मला नंतर कळले. "सगळी चढली मां, वैनीनू?" होडी हाकणाऱ्या तांडेलाने विचारले. "होय, सोड," मी म्हणाले. बेट वळणाआड गेल्यावर सासूबाईंनी लेकीला शोधत विचारले, "चेडू खंय आसा?" भरतीविरुद्ध वल्ही मारत परत पोहोचलो, तेव्हा बेट बुडाले होते आणि पोहता न येणारी नणंद छातीभर पाण्यात उभी होती. तिला वर घेतल्यावर यजमान तांडेलावर ओरडले, "माणसा मोजूक येनत नाय तुका?" त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मी यादीची घडी करून कमरेला खोचली. "चुकला माझा, दादानू," तो म्हणाला. त्यानंतर आमच्या घरच्यांनी त्याची होडी कधी केली नाही. आजही नणंद ही हकिकत सांगताना त्यालाच शिव्या घालते, आणि मी उठून स्वयंपाकघरात जाते.