साळवेमामांचा दुसरा प्रश्न

रक्त काढायच्या आधी साळवेमामा माणसाचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघायचे. बोटं, नखं, सांधे, सगळं. पेशंट कंटाळला की म्हणायचे, "रगत घाईत बी निघतं, पर घाईत मानूस दिसत न्हाई." नगरच्या आमच्या इस्पितळाची लॅब ते सांभाळायचे. मूळचे पाथर्डीकडचे, आणि बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. डॉक्टरांसमोर मात्र त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही.

मी तिथे नर्सिंग शिकत होते. दुष्काळाचं साल. आईबाप धाकट्यांना घेऊन ऊसतोडीला गेलेले आणि मी होस्टेलच्या मेसमध्ये आयती जेवत होते. कधी कधी तर अधाशासारखी, चोरून, पोट दुखेपर्यंत. मग घरचे डोळ्यांसमोर यायचे, स्वतःची किळस यायची आणि मी घशात बोटं घालून खाल्लेलं सगळं ओकून टाकायचे. वर्षभर हे चाललं. लाज वाटायची, पण थांबवता येत नव्हतं.

एके दिवशी वॉर्डातच चक्कर येऊन पडले. माझ्या उलट्या मेट्रनबाईंच्या कानावर आधीच गेल्या होत्या. लग्न न झालेली मुलगी उलट्या करते याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता. त्यांनी माझी लघवी तपासायला पाठवली आणि मला म्हणाल्या, "ट्रंक भरून ठेव."

दिवस गेलेले नव्हते. तेवढं लिहून मामा मोकळे झाले असते. पण कुणी न सांगता ते माझं रक्त घ्यायला आले. सवयीप्रमाणे हात उलटे केले आणि उजव्या हाताच्या सांध्यांवर दात लागून पडलेल्या वणांपाशी थांबले. ओकून ओकून सुजलेल्या माझ्या गालांकडे पाहिलं. रक्त घेऊन गेले आणि क्षार मोजायच्या नव्या यंत्रावर त्यांनी ते तपासलं. पोटॅशियम फारच खाली गेलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी माझ्या खाटेशीच तो कागद बाजूला सारला. "नमुना बिघडलाय, साळवे. अशक्तपणा आहे, टॉनिक देऊ."

"साहेब, नमुना बिघडला तर पोटॅशियम वाढतं. हे घटलंय. दोनदा लावलं म्या." मामांनी कागद पुन्हा पुढे सरकवला. "पोरीचं काळीज बंद पडंल."

डॉक्टर चिडले, पण ईसीजी काढायला लावला. पट्टी हातात आल्यावर मात्र ते घाईघाईने औषधं सांगू लागले. ट्रंकेचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

संध्याकाळी मामा खाटेशी येऊन बसले. "घटलंय, एवढंच कागदाला ठावं. का घटलं, ते तुला ठावं."

आईलाही न सांगितलेलं सगळं मी त्यांना रडत रडत सांगितलं. आता उपदेश ऐकावा लागणार, असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "तू ओकलीस म्हनून तिकडं कुनाचं प्वाट भरलं का गं?" मग उठता उठता, "सकाळी डॉक्टरला सांग. मी हाय शेजारी."

आणि ते खरंच शेजारी उभे राहिले.

खाटेवरून उठून कामाला लागल्यावर रोज दुपारी मामा विचारायचे, "जेवलीस?"

"जेवले."

"आन् मग?"

खरा प्रश्न हा दुसरा. त्याचं उत्तर म्हणजे जेवणानंतर तासभर लॅबमध्ये त्यांच्याशेजारी बसून काचपट्ट्या धुवायच्या, एकटं राहायचं नाही. ओकले नाही, असं मी कधी कधी खोटं सांगायचे. पुढच्या तपासणीत ते उघडं पडायचं. मामा रागावत नसत. "आज जरा जास्त पट्ट्या हायेत," म्हणत. ओकणं सुटायला दोन वर्षं लागली मला. कुणी पाठीमागे लागल्याचा मला एरवी संताप येतो, त्यांचा कधी आला नाही.

खूप वर्षांनी कळलं की या आजाराला आता नाव आहे. ते सांगायला मी मुद्दाम पाथर्डीला गेले. मामा खाटेवर होते, नजर गेलेली. नावाचं त्यांना काही कौतुक वाटलं नाही. त्यांनी माझा हात ओढून घेतला, उलटा केला आणि सांध्यांवरून सावकाश बोटं फिरवली.

"वन गेलं की गं."

"गेले, मामा."

"जेवलीस?"

"जेवले. तुमच्या सूनबाईंनी पोटभर वाढलं."

"आन् मग?"

"मग... इथंच बसलेय, मामा."

त्यांनी मान हलवली. माझ्या एस.टी.ची वेळ होईपर्यंत त्यांनी हात सोडला नाही.