बकरीची शेवटची फेरी

ठरावीक चार माणसं दर रविवारी एकाच खोलीत जमू लागली की किस्से साठायला वेळ लागत नाही. आमचे सगळे बरकतपुऱ्यातल्या वसंतकाकांच्या हॉलमधले. काका सिकंदराबादला रेल्वेत होते. रिटायर झाले आणि त्यांना नदी पार करायच्या कोड्यांचं वेड लागलं! काकू, माझ्या ऑफिसातला निखिल आणि मी, एवढंच मंडळ.

काकांचा नियम असा, की कोडं कागदावर सोडवायचं नाही, चालून दाखवायचं. हॉलचा मधला भाग नदी. दाराची बाजू अलीकडचा काठ, बाल्कनीची पलीकडचा. जुनी निळी सतरंजी म्हणजे नाव, नावाड्यानं ती ओढत न्यायची. आणि अर्धवट राहिलेलं कोडं मोडायचं नाही, पुढच्या रविवारी तिथूनच सुरू!

*

लांडगा, बकरी आणि कोबीचं कोडं तुम्हाला माहीत असेलच. नावेत नावाड्याबरोबर एकच मावतो. नावाड्याची पाठ फिरली की लांडगा बकरीला खातो, बकरी कोबीला. आमच्यात काका नावाडी, निखिल लांडगा, मी कोबी आणि काकू कायमच्या बकरी. आधी बकरी पलीकडे न्यायची, मग लांडगा. इथे सगळे अडतात, कारण आता बकरीला परत आणावं लागतं.

"नेलेली परत आणायची? ही काय प्रोग्रेस झाली, काका?" निखिल पहिल्या दिवशी भडकलाच.

"अरे, परत आणण्यातच सगळी मेख आहे!"

एकदा खालचे रहीमभाई वर आले. काका सतरंजी ओढत होते. "क्या काका, मूसी पार कर रहे क्या?"

"मूसी में पानी किधर है मियाँ, इसीलिए घर में कर रौं!"

*

एका रविवारी निखिल हट्टानं नावाडी झाला आणि काकांना लांडगा केलं. पठ्ठ्यानं पहिल्याच फेरीत लांडगा नेला! त्या दिवशी मी मांडीवर खराखुरा कोबी घेऊन बसले होते. काकूंनी तो उचलला आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर आल्या त्या भाजीचं भांडं घेऊनच.

"बकरीनं कोबी खाल्ला! आता चला जेवायला."

*

निखिलनं मग सूड म्हणून प्रोग्रॅम लिहिला आणि लॅपटॉप घेऊनच आला. "काका, कमीत कमी फेऱ्यांची दोनच उत्तरं आहेत. लांडगा आणि कोबी यांची अदलाबदल, बाकी सगळं सेम. दोन्हीत बकरी शेवटी."

काका खूश झाले. काकू मात्र हसल्या नाहीत.

"म्हणजे कसंबी केलं तरी मागं एकटी मीच राहायची."

"पण शेवटची फेरी तुझ्यासाठीच असते ना!" काका म्हणाले.

*

टॉर्चचा किस्सा मी सहसा सांगत नाही. चार माणसं, अंधारा पूल, एकच टॉर्च. एका वेळी दोघांनीच जायचं आणि एकानं टॉर्च परत आणायची. युक्ती एवढीच, की सगळ्यात सावकाश चालणारे दोघं एकत्र पाठवायचे, म्हणजे एकाचा उशीर दुसऱ्याच्या उशिरात जिरतो. आमचे सावकाश दोघं म्हणजे काका-काकू.

दुपारीच जाड पडदे ओढून आम्ही अंधार केला. निखिल आणि मी आधी पलीकडे गेलो. टॉर्च परत गेली, काका-काकू ती घेऊन हळूहळू आले. पडदा उघडला तर निखिल माझ्या शेजारीच!

"तू परत गेला नाहीस?"

"मी? मला वाटलं तू गेलीस!"

"मग आम्हाला टॉर्च कुणी दिली?" काकांनी विचारलं.

काकू तळहात पदराला पुसत होत्या. "कोण की. हात लई गार होता."

त्यानंतर आम्ही टॉर्चचं कोडं घेतलं नाही.

*

मागच्या हिवाळ्यातला तो रविवार. पुन्हा लांडगा, बकरी, कोबी. लांडगा पलीकडे पोचलेला, काकांनी मलाही बाल्कनीपाशी उतरवलं. आता रिकामी नाव न्यायची आणि काकूंना आणायचं, की कोडं संपलं.

"मला एकटीला ठेवू नका हं," दारापाशी उभ्या काकू नेहमीसारख्या म्हणाल्या.

"आलोच," म्हणत काका सतरंजीवर बसले. त्यांचा हात छातीवर होता.

त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं, पण दुसऱ्या दिवशी ते तिथेच गेले.

काकूंनी सतरंजी कुणाला उचलू दिली नाही. झाडणारी वाकली तर ओरडल्या, "नक्को! नाव त्यांच्याकडं आहे. आलोच म्हणालेत ते." दारापाशी खुर्ची टाकून बाल्कनीकडे बघत बसायच्या. जेवण जवळजवळ सुटलं. मला फार भीती वाटायची, अशानं याही आपल्या हाती लागणार नाहीत. शेवटी त्यांच्या बहिणीनं त्यांना नल्लकुंट्याला नेलं. कुलूप मी लावलं. किल्ली एकच, ती माझ्या पर्समध्ये. सतरंजी बाल्कनीपाशीच होती.

महिन्याभरानं निखिल आणि मी काकूंना घरी घेऊन आलो. कुलूप मीच उघडलं.

सतरंजी दाराशी होती. अगदी उंबऱ्याला लागून.

"तू येऊन गेलीस?" निखिलनं हळूच विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

काकूंनी चपला काढल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला. त्या सतरंजीवर बसल्या, पण एका कडेला, अंग चोरून. मला रडूच आलं. त्यांना जवळ घ्यावं म्हणून मी शेजारच्या मोकळ्या जागेत बसायला वाकले.

काकूंनी हात आडवा धरला.

"तिथं नको बसू, बाळा. नावेत दोघंच मावतात."