बिनपिसाऱ्याचा मोर

शिरूर कासारच्या पल्याड, डोंगराच्या अंगाला एक वस्ती आहे. तिथली सून उज्ज्वला. शिक्षण दहावी, तीही गणिताला दोनदा बसून. पण ऊसतोडीच्या खोपीत बसून तिनं मोबाईलवर एक विद्या शिकून घेतली. दिव्यांची पट्टी असते ना, रिबिनीसारखी? तिच्यातल्या एकेका दाण्याला वेगळा हुकूम द्यायचा. हा निळा, तो हिरवा, पलीकडचा विझलेला. हुकूम मोबाईलात लिहायचे, काडीपेटीएवढ्या डबीत भरायचे अन् डबी पट्टीला जोडायची.

सासूबाईंना, सुंदरबाईंना, मोठं नवल वाटायचं. "एवढ्या दाण्यांना कळतं कसं गं, आपला हुकूम कंचा ते?"

"पंगतीसारखं हाय, आत्याबाई. भाकरीची दुरडी फुडं फुडं जाती. पयला आपली उचलतो, बाकीच्या फुडं देतो."

"अन् मधलाच दुरडी धरून बसला तर?"

"मग फुडचे समदे उपाशी."

गावात डेकोरेशनचं दुकान चालवणाऱ्या तानाजीनं तिला शब्द दिला होता. दसऱ्याला देवीच्या देवळावर दिव्यांचा मोर नाचव. नाचला तर दुकानात बारमाही काम. म्हणजे यंदा तोडीला जाणं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती राहिली तर प्रविण उरला अर्धा कोयता, अन् अर्धा कोयता कोण टोळीत घेतो? तरी प्रविण म्हणाला, "तुझं जमलं तर मी बी हितंच हमाली बघतो. आठ वर्षं झाली उसाचं पाचट तुडवून."

टोळीचा मुकादम रामहरी दोनदा दारात येऊन गेला. "कोयता लिहू का न्हाई, पोरी?"

"दसरा होऊ द्या, मामा."

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी ट्रक हाय. मोर काय ऊस तोडाया येत न्हाई."

चारशे वीस दाण्यांचा मोर. कोणत्या नंबरला कोणता रंग, हे तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून काढलं. खंडेनवमीला सकाळी मान अन् पिसारा जोडणारा सांधा कथलाचा डाग देऊन जोडला, वरून चिकटपट्टी लावायची तेवढी बाकी ठेवली अन् ती पाण्याला गेली.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा सण. सुंदरबाईंनी कोयते धुऊन पाटावर मांडले. मग त्यांना वाटलं, सुनेचं हत्यार तेवढं बिनपूजेचं कशाला ठेवा? त्यांनी डबी अन् पट्टी कोयत्यांशेजारी ठेवली, कुंकू पाण्यात कालवून पाच बोटं ओढली, वर नारळाचं पाणी शिंपडलं. उज्ज्वला आली, पाटाला हात जोडले, डबी पदरानं पुसली अन् सांध्याला चिकटपट्टी गुंडाळली. तिथं लालच वायर, तिच्यावर लाल कुंकू, दिसणार कसं? लावून बघावं तर लाईट गेलेली, ती आली थेट दसऱ्याच्या संध्याकाळी.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळं गाव सोनं घेऊन देवळापुढं उभं. उज्ज्वलानं बटण दाबलं. चोच पिवळी झाली. डोळा लुकलुकला. मान निळी, झळझळीत, वरून खाली पाण्यागत उतरत गेली. बायांनी "अगं बया!" केलं. अन् मग काहीच नाही. पिसारा आंधळा.

"अय, मोर कुठाय बे? ही तर कोंबडी हाय!"

"जाळून पिसं काढली व्हय तानाजीनं?"

देवळापुढं हशाच हशा. उज्ज्वला शिडीला हात लावत म्हणाली, "अर्धा तास द्या, दादा. एकच दाणा गेलाय, कापून जोडते."

तानाजी इकडं तिकडं बघत म्हणाला, "पालखी उभी राहती का अर्धा तास? माझी लाज गेली ती गेली." त्यानं पोत्यातनं साध्या माळा काढल्या अन् मोरावरनंच टाकल्या. "पुढल्या वर्षी बघू," म्हणाला. तोडीला जाणाऱ्या माणसाला पुढलं वर्ष म्हणजे काय, हे त्याला काय सांगायचं?

सकाळी पट्टी उतरवली तेव्हा तिनं सांध्याची चिकटपट्टी सोडली. आत हिरवट काळं धरलेलं अन् त्यात कुंकवाची खपली. ती खपली तिनं नखानं खरवडून काढली. सुंदरबाई चहा घेऊन आल्या.

"कावून बिघडलं गं?"

उज्ज्वलानं खपली मुठीत धरली. "मालच हलका निघाला, आत्याबाई."

"मेले शहरातले, असंच गंडवतेत." सुंदरबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला. "जीवाला लावून घेऊ नको. पुढल्या वर्षी दोन नारळ फोडीन त्या डबीवर."

"फोडा," उज्ज्वला म्हणाली.

दुपारी ट्रक आला. प्रविणनं भांड्यांचं पोतं वर फेकलं, मग पाण्याची टाकी, मग अंथरूण. रामहरीनं उज्ज्वलाला टोमणा मारला नाही. तोंडाकडंही पाहिलं नाही. वही मांडीवर घेऊन नुसतं विचारलं, "प्रविण, एक कोयता?"

"एक," प्रविण म्हणाला.

ट्रकचा मागचा फाळका लावता लावता आणखी दोन बिऱ्हाडं चढली. उज्ज्वलानं पाय पोटाशी घेतले अन् त्यांच्या पोत्याला जागा करून दिली.