‘तुमच्यात’

मुलुंडच्या एका नर्सिंग कॉलेजच्या मॅडमनी मला फसवलं. शब्द एक दिला आणि वर्गात भलतंच केलं.

घाटकोपरला माझं पडद्यांचं दुकान आहे. फुटपाथवर कापड विकत इथवर आले, तेव्हा सौदा कसा करायचा ते मला कळतं. कॉलेजचे पडदे शिवायला घेतले होते, मॅडमशी बोलता बोलता आईचं निघालं. मागे खुब्याचं हाड मोडून ती एका हॉस्पिटलच्या वॉर्डात होती. तिला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला, दोघींनाही डॉक्टरांनी वेदनेचं इंजेक्शन लिहून दिलं होतं. शेजारणीला मिळालं. आईच्या वेळी सिस्टरनं विचारलं, “आडनाव काय?” मी सांगितलं. सिस्टर गोड हसली. “मग काळजी नको. तुमच्यात बायका काटक असतात. सोसतील थोडं.”

शिवी नाही, चढा आवाज नाही. कौतुकच म्हणायचं. आई उशी चावत पडून होती. मी वॉर्ड डोक्यावर घेतला तेव्हा कुठे इंजेक्शन आलं.

“हे आमच्या मुलींना सांगा ना,” मॅडम म्हणाल्या. मी अट घातली. नुसतं रडगाणं गायला येणार नाही. हा प्रसंग वर्गात मुलींकडून नाटकासारखा करून घ्या. सिस्टर ‘तुमच्यात’ म्हणाली की बाजूच्या शिकाऊ मुलीनं काय बोलायचं, ते शिकवा. “सिस्टर, दोघींनाही लिहून दिलंय, मी आणते,” एवढं जरी बोलली तरी पुरे.

“कबूल,” मॅडम म्हणाल्या.

वर्गात गेले तर फळ्यावर लिहिलेलं: ‘चिडलेल्या नातेवाइकांना कसे हाताळावे’.

एक मुलगी मी झाली. कमरेवर हात ठेवून ओरडली. वर्ग हसला. दुसरीनं तिला पाणी दिलं, “ताई, आधी बसा.” टाळ्या. आई कुणी झालीच नाही. खाट रिकामीच.

“मॅडम, ते ‘तुमच्यात’ कुठे गेलं?”

“अहो, सिस्टरच्या मनात वाईट नव्हतं. सीनियरशी भांडायला कसं शिकवू मी?”

“भांडायला नाही, बोलायला.”

“ताई, आधी बसा,” मागून कुणीतरी पुटपुटलं. पुन्हा हशा.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून मिझोरमची एक मुलगी उठली. मोडक्या मराठीत म्हणाली, “मॅडम, वॉर्डमध्ये मला सगळे चायनीज बोलतात. सिस्टर पण. हसून बोलतात. मी काय बोलायचं?”

मॅडमनी घड्याळ पाहिलं. “पुढच्या तासाला बघू.”

बाहेर पडताना मी तिला विचारलं, “पुढच्या तासाला काय आहे गं?”

“बँडेज.”

तेव्हापासून मला चैन नाही. गिऱ्हाइकानं सहज “तुमच्यात कुठला रंग चालतो?” म्हटलं तरी कापड मापता मापता हात थांबतो. मॅडमना फोन केला की एकच उत्तर, “बघू.”

मॅडम, पडदे मी ठरल्याप्रमाणे लावून दिले. तुमचा शब्द बाकी आहे. ती मिझोरमची मुलगी रोज त्याच वॉर्डात ड्यूटीला जाते. तिनं काय बोलायचं, ते तिला सगळ्या वर्गासमोर सांगा. मी येऊन तिच्या शेजारी बसते. या वेळी बसूनच ऐकते. सांगा.