तीन मीटरले पाऊण सूत कमी

म्याडम म्हणे, "तुम्हीच शिकवता ना घरी? मग सोडवून दाखवा," अन् खडू माह्या हातात देला. आता काय सांगू, पालकसभा भरलेली, वर्गभर मायबाप बसलेले, माही पोरगी समू पह्यल्या बाकावरून टकाटका माह्याकडं पाहून राह्यली, अन् मी सातवीत शाळा सुटलेली बाई! मले एकटीले भेव वाटे म्हणून आमच्या भिंतीपलीकडच्या बाबाले संग नेलतं, ते मागच्या बाकावर बसले होते. म्या जीव मुठीत धरून त्याईच्याकडं पाह्यलं, त त्याईचं ध्यानच नाई! वाकून बाकाचा पाय हालवून पाहून राह्यले होते. असे बाबा साऱ्या वर्धा जिल्ह्यात दुसरे नाई. देवानं उद्या नवीन आभाळ लावलं तरी हा माणूस खालून एक डोळा मिटून पाहीन अन् म्हणीन, "उत्तरेकडून दोन सूत उतरलं हाये जी."

सूत म्हणजे सुताराचं माप, इंचाचा आठवा हिस्सा. बाबाचा जलम त्याच्यातच गेला. आम्ही बोरगाव मेघेत राहाले आलो, त पह्यल्याच दिवशी ते आमच्या दरवाज्यापुढं उभे राह्यले. मले वाटलं शेजारी आले, चहा टाकावा. ते म्हणे, "हा दरवाजा कोणं बसवला? त्याले दरवाजा बसवता येते असं त्याले कोणं सांगतलं?" अन् सांजेपर्यंत दरवाजा उतरवून, रंदा मारून, परत बसवून मोकळे. मंग कुठं चहा पेले. लग्नात गेले त नवरी नाई पाहाचे, मांडवाचा खांब पाहाचे. कानावर पेन्सिल राहे अन् तीच पेन्सिल साऱ्या आंगणात शोधत फिरत. समू हळूच कानावरून काढून हातात दे, त म्हणत, "हो, म्या तिथंच ठेवलती."

समू पाचवीत गेली अन् अपूर्णांक आले. याच अपूर्णांकाईनं मले शाळेतून पळवलं होतं. खाली मोठा आकडा, वर लहान, कोणं कोणाले खाऊन राह्यलं काईच समजे नाई. पोरीनं पुस्तक पुढं केलं का मी म्हणो, "थांब माय, भाजी लागते." रोज कशी भाजी लागन? शेवटी तिनंच दप्तर उचललं अन् भिंतीपलीकडं गेली. बाबानं लोखंडी पट्टी काढली. "हे पाह्य पोरी, अर्धा इंच म्हणजे चार सूत. पाव म्हणजे दोन. आता अर्ध्यात पाव टाक, बोट ठेव, किती झाले?" "सहा सूत!" "मंग पाऊण झाला. पुस्तकवाल्यानं याच्यासाठी दोन पानं काऊन घालवले?" मी भिंतीच्या अलीकडं तुरीची डाळ निवडत बसो. डाळीत खडे राह्यले, पर अपूर्णांक डोक्यात उतरले. घरवाले जेवताना दाताखाली खडा आला का म्हणत, "आज कोणता पाठ होता?"

पर बाबाचा एक वांधा होता. पुस्तकातलं गणित त्याईले खरंच वाटे. वावराले तारेचं कुंपण कराचं, किती तार लागन, असं आलं का ते पह्यले विचारत, "फाटक कुठं हाये?" फाटक नाई म्हटलं का चिडत. "मंग तो माणूस आत जाईन कसा? उडी मारून? तीन फूट कमी कर!" समूचं प्रत्येक कुंपण तीन फुटानं चुके. म्याडम लाल फुली मारे अन् बाबा त्या फुलीकडं पाहून म्हणत, "या बाईचं घर पाहाले पाहिजे एकदा."

सभेच्या दिवशीचं गणित असंच होतं. बारा मीटर फळीचे चार सारखे तुकडे केले, त एक तुकडा केवढा? समूनं लिहलं, 'तीन मीटरले पाऊण सूत कमी.' म्याडमनं ते साऱ्या सभेत वाचून दाखवलं, लोकं हासले. ती म्हणे, "स्कॉलरशिपच्या वर्गात मोजक्याच जागा आहेत. ज्यांच्या घरी आईवडील स्वतः बसून अभ्यास घेतात, तीच मुलं मी घेणार. बाहेरच्यांच्या भरवशावर हे चालत नाही." मी घाबरून बोलून गेली का मीच घेतो जी. म्हणून तो खडू.

म्या डोळे मिटले अन् डाळ निवडाचं सूप आठवलं. मंग फळ्यावर एक लांब फळी काढली, तिच्यावर तीन रेघा मारल्या. म्हटलं, "म्याडम, चार तुकड्याले करवत तीनदा चालते. एका वेळेस एक सूत भुसा पडते. तीन सूत गेले जमिनीवर. ते चौघाईत वाटले, त एकेकाच्या वाट्याले पाऊण सूत कमी." म्याडम फळ्याकडं पाहातच राह्यली. "मग पुस्तकातलं तीन मीटर?" माह्या तोंडातून निंगालं, "ते बिनकरवतीचं हाये जी."

आता साराच वर्ग हासला, पर वेगळं हासला. म्याडमही हासली. यादीत समूचं नाव लिहता लिहता म्हणे, "छान! तुम्हाला हे कोणी शिकवलं?" समू उठली, "म्याडम, आमचे बा..." अन् म्या तिचा खांदा दाबला. "कोणं नाई जी. मले पह्यल्यापासून येते."

बाबानं तवा बाकाच्या पायावरची नजर काढून पह्यल्यांदा माह्याकडं पाह्यलं. मंग परत खाली वाकले.

घरी येताना गल्लीच्या तोंडाशी बाबा थांबले. मले वाटलं आता बोलतीन. ते म्हणे, "सूनबाई, ते बिनकरवतीचं म्या नाई शिकवलं तुले. ते तुहं सवताचं होय."

त्याच हिवाळ्यात त्याईची लेक त्याईले आर्वीले घेऊन गेली. जाच्या दिवशी म्या डबा करून देला, पाया पडली, पर जे बोलाचं होतं ते बोललीच नाई. आता समू आठवीत हाये. गणितं सवताच करते, अडलं त मोबाईलले विचारते, त्याले फाटकाचं काई पडलं नाई. परवा वही मिटता मिटता तिनं मले विचारलं, "आई, तवा बाबाचं नाव काऊन नाई घेतलं?" नाव घेतलं असतं त पोरीची जागा जात होती. नाई घेतलं, त समोर बसलेल्या माणसाले म्या पुसून टाकलं. तुम्हीच सांगा बाया हो, माह्या जागी तुम्ही असत्या, त काय केलं असतं?